बादशहाचं घर हेच राज्य: औरंगजेबाचा संसार आणि दरबार

2025च्या मार्चमध्ये खुलताबादेतल्या औरंगजेबाच्या कबरीवरून महाराष्ट्रात वाद पेटला, नागपुरात दंगल झाली. त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूला पडला. दिल्ली-आग्र्याचा बादशहा आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं इथे दख्खनेत काय करत होता? त्याच्या बेगमा, मुलंबाळं, त्याचा दरबार तेव्हा कुठे होता?

“मराठ्यांना संपवायला आला होता” हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. विजापूर आणि गोवळकोंडा त्याला हवे होतेच, मराठ्यांशी वैरही जुनं होतं. पण 1681 सालीच तो अजमेरहून तातडीने दक्षिणेकडे निघाला त्याचं कारण त्याच्या घरात होतं. त्याचा मुलगा अकबर बंड करून पळाला आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. मुलगा आणि मराठे एकत्र येणं याहून मोठा धोका औरंगजेबासाठी दुसरा नव्हता.

या एका गोष्टीत मुघल राज्याची सगळी मेख आहे. त्यांचं घर आणि त्यांचं राज्य या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

हरम म्हणजे नेमकं काय?

हरम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातलं चित्र येतं: पडदे, गालिचे, नाचगाणी. प्रत्यक्षात हरम म्हणजे बादशहाचं अख्खं जनानी कुटुंब. आई, आत्या, सावत्र आया, बहिणी, मुली, विधवा भावजया, दाया, दासी, पहारेकरी बायका आणि हिशेब ठेवणाऱ्या कारभारणी, या सगळ्यांचं ते घर. बेगमा त्यात मूठभर. थोरल्या अकबर बादशहाच्या काळात हरमात पाच हजारांवर स्त्रिया होत्या असं त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो. वरच्या दर्जाच्या स्त्रियांना महिन्याला 1028 ते 1610 रुपये मिळत, हेही तोच नोंदवतो. म्हणजे हे एक पगारपत्रकं असलेलं खातंच होतं.

त्यातल्या वरच्या स्त्रियांच्या हातात खरी सत्ता असे. औरंगजेबाची आई मुमताज महल हिच्याकडे काही काळ बादशाही मोहोर होती. ती 1631 साली बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली, तेव्हा तिच्या संपत्तीतला निम्मा वाटा एकट्या थोरल्या मुलीला, जहाँआराला, मिळाला. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढे सुरत बंदराचं उत्पन्न तिच्याकडे होतं, तिची स्वतःची जहाजं समुद्रात जात, तिच्या शिक्क्याचे हुकूम सुटत. ‘पादशाह बेगम’ हा राज्यातल्या पहिल्या स्त्रीचा किताब तिच्याकडे होता, आणि ती कुणाची बायको नव्हती, आयुष्यभर अविवाहित राहिली.

औरंगजेबाचा स्वतःचा संसार यामानाने आटोपशीर होता. 1637 साली दिलरस बानू या इराणी सफवी घराण्यातल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. काश्मीरकडच्या राजौरीची नवाब बाई, औरंगाबादी महल आणि सर्वांत धाकट्या मुलाची आई उदेपुरी महल ही आणखी तीन नावं. दिलरस औरंगाबादेत 1657च्या ऑक्टोबरमध्ये गेली. तान्हं बाळ तेव्हा महिन्याचंही नव्हतं. बीबी का मकबरा तिचाच. त्याचा वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ते महिन्याचं बाळ म्हणजेच पुढे बंड करणारा अकबर.

थोरला मुलगा आपोआप बादशहा का होत नसे?

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. राजाचा थोरला मुलगा राजा होतो हे आपण धरूनच चालतो. मुघलांकडे तसा नियम नव्हता. बाबराच्या मध्य आशियाई तैमुरी घराण्यात राज्य हे सगळ्या भावांचं मानलं जाई. हुमायूनने भावांना मुलूख वाटून दिले आणि त्याचे परिणाम भोगले. त्यानंतर वाटणीची पद्धत मागे पडली, पण थोरल्याचा हक्क काही आला नाही.

गावाकडे समजा बापाच्या नावावर मोठं शेत आहे. सातबाऱ्यावर मुलांची नावं चढलेली नाहीत, वाटणी होणार नाही, सगळं शेत एकालाच मिळणार, आणि कुणाला ते बाप शेवटपर्यंत सांगत नाही. शिवाय ज्याला मिळणार नाही त्याचं पुढे काय होईल याचीही खात्री नाही. अशा घरातले भाऊ एकमेकांकडे कसे बघतील? मुघल शाहजादे लहानपणापासून याच नजरेनं एकमेकांकडे बघत वाढले. त्यांच्यात म्हणच होती: तख्त या तख्ता. एक तर सिंहासन, नाही तर तिरडी.

1657च्या सप्टेंबरमध्ये शहाजहान आजारी पडला आणि चारही भाऊ उठले. चौघंही एकाच आईची मुलं, हे विसरू नये. थोरला दारा बापाचा लाडका, त्याच्या बाजूला जहाँआरा. औरंगजेबाच्या बाजूला दुसरी बहीण रोशनआरा. दारा 1659 साली दिल्लीत मारला गेला, मुराद 1661 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्यात, आणि शुजा आराकानात, म्हणजे आजच्या म्यानमारच्या किनाऱ्याकडे, पळून गेला तो तिथेच संपला. शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात 1666पर्यंत कैदेत राहिला. जहाँआरा आपणहून बापाबरोबर राहिली.

तो मेल्यावर औरंगजेबाने विरोधात उभ्या राहिलेल्या जहाँआरालाच पुन्हा पादशाह बेगम केलं. इतकंच नाही, दाराच्या मुलीला, जानी बेगमला, त्याने आझम या आपल्या मुलाशी लग्न लावून सून करून आणलं. दाराच्या आणि मुरादच्या मुलांना स्वतःच्या दोन मुली दिल्या. ज्याला मारलं त्याच्याच घरात सोयरिक! आपल्याला हे विचित्र वाटतं, पण त्यामागे रोकडा हिशेब होता. तैमुरी रक्त बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि मारलेल्या भावांच्या मुलांभोवती उद्या कुणी जमू नये. जानी बेगम मात्र नुसती शोभेची सून नव्हती. दख्खनेत मराठ्यांशी झालेल्या एका लढाईत ती हत्तीवर बसून फौजेला धीर द्यायला पुढे गेली होती.

दरबारात कुठे उभं राहायचं, यावरून एवढं रामायण का?

मुघल नोकरीत प्रत्येकाला आकड्यातला एक दर्जा असे, त्याला मनसब म्हणत. हजारी, पाचहजारी, सातहजारी. त्यावरून पगार ठरे, किती घोडेस्वार बाळगायचे ते ठरे, आणि दरबारात कुठल्या रांगेत उभं राहायचं तेही ठरे. दरबारात बसण्याचा मान सहसा शाहजाद्यांचा, बाकी सगळे उभे. बादशहापासूनचं अंतर म्हणजे तुमची किंमत, आणि ती रोज चारचौघांत दिसायची.

हे ध्यानात घेतलं की आग्र्याचा प्रसंग जास्त नीट कळतो. 12 मे 1666. चांद्र वर्षाप्रमाणे औरंगजेबाचा पन्नासावा वाढदिवस. शिवाजी महाराजांना पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. पुरंदरच्या तहानंतर पाच हजारांची मनसब संभाजीराजांना आधीच मिळालेली होती आणि ते त्या वेळी नऊ वर्षांचे होते. म्हणजे ज्यांच्यासाठी बादशहाने पत्रं धाडली त्या राजाला त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पायरीवर उभं केलं. महाराज संतापले ते निव्वळ मानीपणामुळे नाही. त्या रांगेने त्यांची जी किंमत लावली होती ती भर दरबारात सगळ्यांना वाचता येत होती, आणि महाराजांनाही ती अचूक वाचता आली.

त्यानंतर दोनेक वर्षांत औरंगजेबाने दरबाराचे बरेच रिवाज मोडीत काढले. रोज सकाळी झरोक्यात येऊन प्रजेला दर्शन देणं थांबवलं, दरबारातलं गाणं बंद केलं, वाढदिवशी सोन्या-चांदीने तुला करून घेणं सोडलं. पण रांगा, नजराणे आणि मानाची वस्त्रं यांना त्याने हात लावला नाही. धर्माला न पटणारं काढलं आणि सत्तेला लागणारं ठेवलं, असा माझा त्यावरचा निष्कर्ष.

पाच मुलगे, चौघांना कैद किंवा वनवास

बापाला कैद करून गादीवर आलेला माणूस मुलांवर विश्वास ठेवू शकत नाही. औरंगजेबाच्या घरात ते अक्षरशः दिसतं.

थोरला मुहम्मद सुलतान भाऊबंदकीच्या युद्धात काकाला, शुजाला, जाऊन मिळाला होता. तो परत आला, पण त्यानंतर त्याचं आयुष्य कैदेतच गेलं आणि 1676 साली तो वारला. दुसरा मुअज्जम. गोवळकोंड्याच्या वेढ्यात तिथल्या सुलतानाशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या संशयावरून 1687 साली त्याला मुलांसकट धरलं. आठ वर्षं तो नजरकैदेत होता, आणि सुरुवातीला केस-नखं कापायचीही मुभा नव्हती. सर्वांत धाकटा कामबक्ष जिंजीच्या वेढ्यात मराठ्यांशी संधान बांधतोय म्हणून त्याच्याच सेनापतींनी धरून बापापुढे आणला. त्याला मात्र लवकर माफी मिळाली. आझम तेवढा तुरुंगाबाहेर राहिला, पण संशयाबाहेर कधीच नाही.

अकबराची गोष्ट सगळ्यांत बोलकी. 1681च्या जानेवारीत त्याने राजपुतांच्या जोरावर स्वतःला बादशहा जाहीर केलं आणि अजमेरवर चालून आला. औरंगजेबाजवळ त्या वेळी फौज थोडी होती. त्याने मुलाला एक पत्र लिहिलं: शाब्बास, राजपुतांना बरोबर जाळ्यात आणलंस. आणि ते पत्र राजपुतांच्याच हाती पडेल अशी तजवीज केली. रातोरात राजपूत निघून गेले, सकाळी अकबर जवळजवळ एकटा उरला. पुढे खरा प्रकार उमगल्यावर राजपूत सरदार दुर्गादास राठोडने त्याला सांभाळत दक्षिणेत संभाजी महाराजांच्या मुलखात आणलं. तिथे काही वर्षं काढून 1687 साली तो जहाजाने निघाला आणि शेवटी इराणात पोचला. तिथून तो परतलाच नाही.

या बंडात एक मुलगीही भरडली गेली. थोरली जेबुन्निसा, फारसीत कविता करणारी. तिची अकबराला लिहिलेली पत्रं सापडली, तेव्हा बापाने तिची वर्षाला चार लाखांची नेमणूक बंद केली आणि तिला दिल्लीच्या सलीमगडात ठेवलं. 1702 साली ती तिथेच गेली. एकवीस वर्षं. औरंगजेबाच्या आयुष्यातली मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, कारण ती काही तख्तावर हक्क सांगणार नव्हती.

राजधानी तंबूत कशी राहते?

1682च्या वसंतात औरंगजेब औरंगाबादला पोचला आणि मग पुढची सगळी वर्षं तो जिथे तंबू ठोकेल तिथे राजधानी होती. सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरी आहे, माचणूरचा किल्ला आहे तो भाग. 1695 ते 1699 ही चार वर्षं अफाट मुघल साम्राज्याचा कारभार या गावातून चालत होता.

बादशहाचे डेरे लाल कापडाच्या उंच कनातींनी वेढलेले असत. त्या वेढ्याला गुलालबार म्हणत. आत जनानखाना, खासगी बैठक, दरबार, सगळं लालकिल्ल्यासारखंच आखलेलं. या सामानाचे दोन संच असत. बादशहा एका तळावर असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा. थोरल्या अकबराच्या काळात अशा एका तळासाठी 100 हत्ती, 500 उंट आणि 400 गाडे लागत, तंबू ठोकणारे फर्राशच हजार. औरंगजेबाच्या तळावर याच्याभोवती अख्खी फौज, तिचे घोडे, बाजार, सावकार आणि सैनिकांची कुटुंबं होती. 1695 साली जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगले इथे या छावणीत आला होता. त्याचा अंदाज पाच लाख माणसांचा. अंदाजात अतिशयोक्ती असेल, तरी ज्या गावाजवळ हा तळ पडे तिथल्या चाऱ्याचं, धान्याचं, पाण्याचं काय होत असेल याची कल्पना करा. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातल्या रयतेने हे वर्षानुवर्षं सोसलं.

याच करेरीने बादशहाला जवळून पाहिलं. ठेंगणा, सडपातळ, मोठं नाक, वयाने वाकलेला, पांढरी दाढी. लोक अर्ज पुढे करत होते आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस चष्म्याशिवाय ते वाचून स्वतःच्या हाताने शेरे मारत होता, आणि त्या कामात खुश दिसत होता.

बारीकसारीक गोष्टीसुद्धा स्वतःच्या हातात ठेवायची सवय अशी शेवटपर्यंत राहिली. दरबारात रोज काय घडलं याची फारसीत बातमीपत्रं लिहिली जात, त्यांना अखबार म्हणत. सेतुमाधवराव पगडींनी यातली बरीचशी मराठीत आणली, म्हणून आज आपल्याला त्या छावणीतले दिवस माहीत आहेत.

आणि छावणीतले मराठे?

1689 साली संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहूराजे मुघलांच्या हाती लागले. औरंगजेबाने शाहूंना राजा हा किताब आणि सातहजारी मनसब दिली, आणि माय-लेकरांना गुलालबाराच्या आसपास नजरेखाली ठेवलं.

“एवढाच मान दिला तर मग कैद कसली?” असं कुणी विचारेल. कैदच होती. सातहजारी मनसब होती, पण तळ सोडून जायची मुभा नव्हती. मुघल पद्धतीत शत्रूचा वारस हा मारण्यापेक्षा सांभाळून ठेवण्याजोगा ऐवज होता. वेळ आली की मराठ्यांच्या दुसऱ्या गादीसमोर उभा करता येईल असा. त्यांनी धर्म बदलावा असाही दबाव 1703च्या सुमारास आला. शाहूंनी नकार दिला, आणि त्यांच्याऐवजी प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी धर्मांतर पत्करून ते संकट टाळलं, असं सांगतात.

या मराठी कुटुंबाची विचारपूस छावणीत कुणी मनापासून केली असेल तर ती बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने. तीही अविवाहित, दख्खनेतली पंचवीस वर्षं बापाबरोबर राहिलेली, त्याच्या घरची खरी कर्ती बाई. शाहूराजे सात वर्षांचे आले आणि पंचविशीत सुटले. त्यांचं सगळं लहानपण आणि तारुण्य या तंबूंच्या शहरात गेलं. पुढे छत्रपती म्हणून ते समेटाला नेहमी तयार दिसतात, दिल्लीची गादी मोडण्यापेक्षा तिला सांभाळून घेण्याकडे त्यांचा कल दिसतो. त्याची मुळं मी तरी या अठरा वर्षांत शोधेन.

“पण तो तर टोप्या शिवून जगायचा ना?”

हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या नावावर सांगितलं जाणारं एक मृत्युपत्र आहे. टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांत कफन आणावं, असं त्यात म्हटलंय. खुलताबादची मूळ कबर साधी, उघडी मातीची होती, आजूबाजूची संगमरवरी जाळी फार नंतरची, इंग्रजी अमदानीतली, हेही खरं. त्याची राहणी साधी होती हे मानायला हरकत नाही. पण बादशहा स्वतः काय खातो आणि त्याचा दरबार काय खर्च करतो हे दोन वेगळे हिशेब आहेत. गुलालबार, हजारो माणसांचा जनानखाना, आणि साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत एकेका गडाला घातलेले वेढे चार आण्यांत होत नव्हते.

मग याच भांडणांनी मुघल बुडाले का?

इथे थोडं सावध राहिलं पाहिजे. शंभर-दीडशे वर्षं याच चुरशीने मुघलांना कर्तबगार बादशहा दिले. तख्तासाठी लढायचं म्हणून शाहजादा तरुणपणीच माणसं जोडायचा, फौज बांधायचा, प्रांत सांभाळायला शिकायचा. औरंगजेब स्वतः असाच तयार झाला, तोही दख्खनच्या सुभेदारीवर.

बिघडलं ते त्याच्या दीर्घायुष्याने आणि संशयाने. मुलांना मोकळं सोडायचं नाही, नातवांना मनसबी देऊन त्यांच्यासमोर उभं करायचं, असं पंचवीस वर्षं चाललं. 3 मार्च 1707 रोजी अहमदनगरजवळ भिंगारच्या तळावर तो 88व्या वर्षी गेला, तेव्हा हयात मुलांतला थोरला मुअज्जम 63 वर्षांचा होता आणि आझम 53चा. दोघे जूनमध्ये आग्र्याजवळ जाजौला भिडले, आझम पडला. कामबक्ष 1709च्या जानेवारीत हैदराबादेजवळच्या लढाईत संपला. मुअज्जम ऊर्फ बहादूरशहा 1712 साली वारला आणि त्याच्या चार मुलांनी लाहोरात तोच खेळ पुन्हा मांडला. फरक एवढाच, की आता कोण जिंकणार हे शाहजादे ठरवत नव्हते, सरदार ठरवत होते.

मराठ्यांना वाट मिळाली ती या फटीतून. आझम उत्तरेकडे भावाशी लढायला जाताना 1707 साली शाहूराजांना सोडलं गेलं, महाराणी ताराबाईंसमोर दुसरा दावेदार उभा राहावा म्हणून. येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून दिल्लीला नेलं. बारा वर्षांनी सय्यद बंधूंना, म्हणजे दिल्ली दरबारातल्या दोन बलाढ्य सरदारांना, बादशहा फर्रुखसियरला गादीवरून खेचायचं होतं आणि त्यासाठी फौज हवी होती. बाळाजी विश्वनाथ पेशवे मराठी फौज घेऊन त्यांच्याबरोबर दिल्लीत गेले. फर्रुखसियर पदच्युत झाला. 1719 साली बाळाजी परतले ते दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या, म्हणजे महसुलातला ठरावीक वाटा वसूल करण्याच्या, सनदा घेऊन, आणि जवळपास तीस वर्षांच्या कैदेनंतर येसूबाई साताऱ्यात मुलाकडे आल्या.